व्हिपुरीच्या वाचनालयातले गोल झरोके

छतात गोल झरोके असलेल्या वाचनालयाचा फोटो सध्या फिरतोय. ‘फिनलंडमध्ये थंडीमुळे वाचकांच्या टेबलावर थेट ऊन पाडतात’ असं खाली लिहिलंय. हे साफ चूक आहे. फिनलंडचे वास्तुविशारद आल्वार आल्टो यांची १९३५ सालची ही इमारत तेव्हा फिनलंडमधल्या व्हिपुरीत होती. आज ते शहर रशियात आहे, वीबोर्ग नावाने.

ते ५७ झरोके खोल ठेवलेत, ते ऊन अडवण्यासाठीच. तिथे सूर्य भर उन्हाळ्यातही साधारण ५२ अंशांपर्यंतच चढतो, त्यामुळे किरण झरोक्याच्या पांढऱ्या भिंतींवर आपटून पसरतात. पानावर स्वतःच्या हाताचीही गडद सावली पडत नाही. हिवाळ्यात लवकर अंधारतं, तेव्हा दिव्यांचा झोतही खोलीच्या भिंतींवर सोडायचा, अशी आल्टोंची योजना. किती बारीक विचार केलाय वाचणाऱ्याच्या डोळ्यांचा! कृपया चुकीची ओळ पुढे पाठवू नका.