कोंगचे डोंगर, जे कधी नव्हतेच

जुन्या युरोपियन नकाशातले समुद्री राक्षस आणि छातीवर तोंड असलेली माणसं लोक हौसेने शेअर करतात, करा, पण मला ते राक्षस तसे बिनधोक वाटतात, बघताक्षणी कळतं की चित्रकाराने रिकामी जागा भरलीये. मला खरी भीती वाटते ती पश्चिम आफ्रिकेतल्या कोंग पर्वतरांगेची. कारण ती काढणारा माणूस थापाड्या नव्हता, चांगला हाडाचा सर्वेअर होता.

जेम्स रेनेल. आपल्याकडे बंगालचा पहिला सर्वेअर जनरल, गंगा-ब्रह्मपुत्रेचे काठ मोजत हिंडलेला, १७६६ मध्ये भूतानच्या सीमेजवळ संन्याशांच्या टोळीशी झालेल्या चकमकीत तलवारीचे वार खाल्लेला. म्हणजे जमिनीवर उतरून नकाशा करणं काय असतं हे त्याला पुरेपूर माहीत होतं. आणि हाच माणूस पुढे लंडनमध्ये टेबलाशी बसून आफ्रिकेचा नकाशा करतो!

झालं असं की मंगो पार्क हा स्कॉटिश प्रवासी १७९६ मध्ये नायजर नदीच्या काठी पोचला आणि नदी पूर्वेकडे वाहते हे त्याने डोळ्यांनी पाहिलं. आग्नेयेला लांब काही डोंगर दिसले, ते कोंग नावाच्या मोठ्या राज्यात आहेत असं तिथल्या लोकांनी सांगितलं. बास, एवढंच. रेनेलचं आधीपासूनचं मत होतं की नायजर आतच कुठेतरी तलावात जाऊन वाफ होऊन संपते, मग प्रश्न येतो की ती दक्षिणेला समुद्राकडे का वळत नाही, तर मध्ये भिंत पाहिजे ना! मग त्या लांबून दिसलेल्या डोंगरांची त्याने नकाशात पूर्व-पश्चिम अशी लांबलचक रांग केली आणि तो नकाशा पार्कच्या पुस्तकाला जोडला. आधी सिद्धांत, मग त्याच्या सोयीचा डोंगर. नदी मात्र खुशाल दक्षिणेला वळून गिनीच्या आखातात जाते, लँडर बंधू या इंग्रज प्रवाशांनी १८३० मध्ये तिच्यातूनच खाली समुद्र गाठला.

आता तरी रांग पुसायची की नाही? भिंतीची गरज संपली तरी भिंत राहिलीच. उलट काही नकाशांत ती वाढत वाढत थेट टॉलेमीच्या चंद्रपर्वतांना (प्राचीन भूगोलकार टॉलेमीने नाईलच्या उगमाशी दाखवलेले डोंगर) जाऊन भिडली. आणि एकदा छापील नकाशात आल्यावर पुढचे प्रवासी साध्या टेकड्या बघून 'हेच ते कोंग' म्हणायला लागले (हे मला सगळ्यात भारी वाटतं). रिचर्ड बर्टनसारखा पट्टीचा प्रवासी १८८२ मध्ये सुद्धा ही रांग आहेच म्हणून बाजू मांडत होता.

शेवटी १८८८ मध्ये बिंजे नावाचा फ्रेंच अधिकारी स्वतः कोंग गावात गेला, आताच्या आयव्हरी कोस्टमध्ये आहे ते. व्यापारी गाव, मशिदी, बाजार, सगळं होतं. पर्वतरांग सोडून. तिथले व्यापारी सोनं आणि कोला (चघळायच्या बिया) घेऊन पिढ्यानपिढ्या त्याच वाटांनी ये-जा करत होते, म्हणजे वाटेत काय आहे आणि काय नाही हे माहीत असणारी माणसं होतीच, पण त्यांचं म्हणणं लंडनच्या टेबलापर्यंत पोचणार कसं.

'त्या काळात माहितीच कुठे होती' हे मला पटत नाही. द'आँव्हिल या फ्रेंच नकाशाकाराने १७४९ च्या आफ्रिकेच्या नकाशात जे ठाऊक नाही तिथे सरळ कोरा कागद ठेवला होता, म्हणजे रेनेलच्या पन्नास वर्षं आधी! पण रेनेलचा नकाशा आफ्रिकन असोसिएशनच्या (आफ्रिकेत प्रवासी धाडणारी लंडनची मंडळी) कामाचा, त्या मंडळींना आत शिरायच्या वाटा आणि व्यापार हवा होता, त्यांना कोरा कागद कोण दाखवणार? आणि खोडायची घाई तर कुणालाच नव्हती, १९२८ च्या एका ऑक्सफर्ड अॅटलासच्या सूचीतही कोंग पर्वत मजेत बसलेले आहेत.