'स्वतःहून' म्हणजे नेमकं कसं?

अमेरिकेतल्या सिएटल शहरात मोठ्या दुकानांना कामगारांचं वेळापत्रक आधी जाहीर करावं लागतं, आणि नंतर ते बदललं तर भरपाई द्यावी लागते. या कायद्याच्या भरपाईतून 'कामगारानेच मागितलेला बदल' वगळला तर कुणाचं काय बिघडतं, असं त्यावरच्या लेखाचे लेखक विचारतात. सांगतो. तिथल्या एका मोठ्या कपड्यांच्या दुकानात मी दोन वर्षं काढली. गिऱ्हाईक नसलं की दुपारी चारला मॅनेजरबाई गोड आवाजात विचारायच्या, "कुणाला लवकर निघायचंय का?" मान हलवली की टॅबलेट पुढे. 'माझ्या विनंतीवरून' या चौकटीत टिक करा! मालकाने घरी धाडलं तर उरलेल्या तासांचा अर्धा पगार द्यावा लागतो. ती टिक केली की तो अर्धा पगार गेला.

नाही म्हणायची मुभा होती म्हणा. पण १४ दिवस आधी लागणारं पुढचं वेळापत्रक त्याच बाई लावायच्या. वीज गेली, भूकंप झाला, तेव्हा मालकाला भरपाईतून मिळणारी सूट मलाही पटते. ही नाही.