रोडरनरला विष चढत नाही? अहो, तो साप चावूच देत नाही!

आठवडाभरात रोडरनर या अमेरिकेतल्या, जमिनीवर पळणाऱ्या पक्ष्याचा एक व्हिडिओ मला चार ग्रुपवर आलाय, खाली मजकूर तोच, की रोडरनरला सापाचं विष चढत नाही म्हणून तो रोज रॅटलस्नेक (शेपटी खुळखुळवणारा विषारी साप) खातो, झोपलेल्या सापाभोवती निवडुंगाच्या काट्यांचं कुंपण घालून त्याला कोंडतो, आणि पळतो इतका जोरात की कायोटीच्याही (तिथला कोल्ह्यासारखा प्राणी) हाती लागत नाही. मी अ‍ॅरिझोनात टूसॉनजवळ राहते, हा पक्षी बघायला मुद्दाम पहाटे उठून जाते, म्हणून लिहावंसं वाटलं.

आधी विषाचं बघू. सापाचं विष पोटात गेलं तर सहसा पचून जातं, घात होतो तो रक्तात गेल्यावर. म्हणून रोडरनर साप डोक्यासकट गिळू शकतो. पण विषाची भीतीच नसती तर एवढा नाच केलाच कशाला असता? पंख पसरून सापासमोर येतो, साप झेपावला की मागे उडी, परत पुढे, साप दमेपर्यंत हेच, आणि मग डोक्याशी चोचीत पकडून दगडावर आपट आपट आपटतो. कधी जोडीने शिकार, एकजण सापाचं लक्ष खेचतो, दुसरा मागून पकडतो. त्यातही साप बहुतेक लहानच. ही सगळी कमाई नजरेची आणि पायांची आहे हो, ती विषाच्या नावावर खपवली की मला खरंच वाईट वाटतं.

रोज रॅटलस्नेक तर नाहीच. नाकतोडे, भुंगे, विंचू, सरडे, उंदीर, बारकी पाखरं, हे त्याचं रोजचं जेवण. एप्रिलमध्ये मेस्कीटखाली (आपल्या वेड्या बाभळीचंच भावंड) एकाला सरडा पकडताना पाहिलं, चार पावलं पळाला, थबकला, तुरा वर, तुरा खाली, आणि मला कळायच्या आत सरडा चोचीत. मग दगडावर चट् चट् आवाज, ओला कपडा धोपटावा तसा. डोक्याकडून गिळला, पण शेपूट कितीतरी वेळ चोचीबाहेर लोंबत होती आणि हा तसाच ऐटीत पुढे चालू लागला!

कुंपणाची गोष्ट म्हणजे इकडच्या गुराख्यांची जुनी लोककथा. ऐकायला छान, पण खरी नाही.

आणि वेग म्हणाल तर ताशी ३० किमीच्या आसपास, कायोटी त्याच्या दुपटीने पळते. लोकांच्या डोक्यात १९४९ सालचं ते कार्टून बसलंय, ज्यात रोडरनर दरवेळी कायोटीच्या हातून निसटतो. खरा रोडरनर वाचतो तो झटकन वळून काटेरी झुडपात घुसून, नाहीतर थोडंसं उडून फांदीवर बसून.

एकाने खाली लिहिलंय की असा पक्षी आपल्याकडे नाहीच. अहो, भारद्वाज बघा की! दोघंही कोकिळेच्याच कुळातले, पण घरटं स्वतः बांधणारे. परसातल्या कुंपणाखाली दबकत चालणारा आपला भारद्वाजही सरडे आणि लहान साप मारतो, आपण फक्त शुभशकुन म्हणून हात जोडतो आणि पुढे जातो.

इकडे कोणी येणार असेल तर थंडीत सकाळी ऊन पडल्यावर जा, रोडरनर उन्हाकडे पाठ करून बसलेला असतो, पाठीची पिसं फुलवून खालची काळी कातडी शेकत. रात्री गार पडलेलं अंग तापलं की उठतो आणि शिकारीला लागतो, तोवर लांबच थांबा.