रात्री त्याचं नाव घेऊ नये

डोकं फिरलंय आज, म्हणून लिहितेय. भाची नववीत आहे. मधल्या सुट्टीत पुस्तक वाचत बसली होती, तर ते काढून घेतलं. कोणी, ते लिहीत नाही. वर सगळ्या वर्गासमोर ऐकवलं, "पुढच्या वर्षी दहावी, आणि ही जादूटोण्याची पुस्तकं वाचतेय." पुस्तक माझं होतं, 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'. मीच तिच्या दप्तरात घातलं होतं.

जादूटोणा म्हणे! एक पान तरी उघडून बघायचं होतं.

लहानपणी देवगडला आजीकडे ओटीवर बसलो होतो. अंधारात काहीतरी सळसळलं आणि मी "साप!" म्हणून ओरडले. आजीने झटकन माझ्या तोंडावर हात ठेवला. दिवसभर रतांबे फोडून लाल झालेला, आंबूस वासाचा तळवा. "रातचा नाव घेव नये गो. जनावर म्हण."

तिशीत हे पुस्तक हाती आलं. अर्सुला ले ग्विनने १९६८ साली लिहिलेलं. सगळं जग बेटांचं आणि होड्यांचं. तिथे ज्याचं खरं नाव कळलं त्याच्यावर सत्ता चालते, म्हणून माणसं खरं नाव जिवापाड जपतात आणि टोपणनावाने वावरतात. ते वाचताना आजीचा तळवा पुन्हा ओठांवर आला. अमेरिकेतल्या या बाईला आमच्या ओटीवरचं कोणी सांगितलं?

गेड हा डोंगरातला, आईविना वाढलेला, शेळ्या राखणारा पोर. शेळ्यांना बोलवायचा पहिला मंत्र त्याला मावशी शिकवते. (भाचीला हेच पुस्तक मी उगाच नाही दिलं.) तेराव्या वर्षी तो नदीच्या उगमाशी गारठलेल्या पाण्यातून चालत पलीकडे जातो. काठावर ओगिअन, त्याचा गुरू, त्याचा हात धरून कानात त्याचं खरं नाव सांगतो. बस, एवढंच. मी हे भाचीला मालवणीत सांगत सांगत वाचून दाखवलं, तेव्हा ती कितीतरी वेळ बोललीच नाही. हे वर्गासमोर हिणवायचं पुस्तक आहे?

अभ्यास हवा, मान्य. मालिकेच्या या पहिल्या भागात बायका नावापुरत्या आहेत आणि त्यांची जादू हलकी ठरवलीय, तेही मान्य, मला अजून राग येतो. पण तिसऱ्या भागानंतर अठरा वर्षांनी, १९९० मध्ये, 'तेहानू' आलं. त्यात विधवा तेनार आहे, होरपळलेली पोर आहे, घर आहे, शेळ्या आहेत. ही तेनार दुसऱ्या भागातली. लहानपणीच अनाम शक्तींची पुजारीण म्हणून उचलून नेतात तिला आणि तिचं नावच काढून घेतात. तो भाग वाचून मी रडले होते. आज पोरगी घरी आली तेव्हा तिचा चेहरा बघून तेच आठवलं.

लिहिता लिहिता लाईट गेली. पाऊस धो धो लागलाय. भाची माझ्या मोबाईलच्या उजेडात दुसरा भाग उघडून बसलीय, पण मन पहिल्यातच आहे. मघाशी विचारत होती, "मावशी, ओगिअनला पाऊस थांबवता येत होता ना? मग तो भिजत का राहिला?" गेडलाही तेव्हा हेच कळत नव्हतं.

मी काही बोलले नाही. दोघी पागोळ्यांचा आवाज ऐकत बसलो. मग पायरीखाली काहीतरी सळसळलं आणि ती माझा दंड घट्ट धरून हळूच म्हणाली, "मावशी, जनावर."