पफ टार्टचा तळ आणि लोणी: एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, तुमची प्रतिक्रिया उडवलेली नाही, खाली तशीच आहे. इतर वाचकांसाठी थोडक्यात: 'एक ठाणेकर गृहिणी' यांनी माझ्या रेसिपीने भाज्यांचा व्हिगन, म्हणजे दूध-लोण्याविना टार्ट केला, तळ गिच्च राहिला, पफची (पदर सुटणाऱ्या पिठाची) तयार गोठवलेली शीट महाग पडली, घरच्यांनी नाकं मुरडली. आणि शेवटी हे वाक्य: "लोण्याशिवाय पफ फुलतच नाही, नुसतं फोटोपुरतं थोतांड आहे."

टार्ट बिघडला याचं वाईट वाटलं. पण थोतांड? 'माझं कुठे चुकलं' असं विचारता आलं असतं की. मी नेरूळला बरीच वर्षं बेकिंग शिकवते, त्यामुळे ओला तळ मला नवा नाही. ही भाषा मात्र नवी आहे.

लोण्याचंच आधी बघू. पफ फुगते ती वाफेने. पिठाच्या पोळीत चरबी गुंडाळून तीन पदरी घडी सहा वेळा घातली की चरबीचे ७२९ थर होतात. ओव्हनमध्ये पिठातल्या पाण्याची वाफ होते, चरबीचे थर तिला अडवतात आणि पदर सुटत जातात. चरबी दुधाची की पामची, याच्याशी वाफेला देणंघेणं नाही. उलट लोणी ३२ ते ३५ अंशांनाच वितळतं. मे महिन्यात आपल्याकडच्या ओट्यावर ते पदरांत टिकणं मुश्कील. पफसाठीचं मार्जरीन, म्हणजे वनस्पती तेलांपासून केलेली लोण्यासारखी चरबी, त्याहून जास्त उष्णता सोसतं. चहात बुडवता ती साधी खारीही पफच, आणि ती बहुतेक ठिकाणी वनस्पती तूप किंवा मार्जरीनवरच होते. ती फुलत नाही का? चवीला लोणी सरस, हे मी बिनशर्त मान्य करते. पण तुमचा आक्षेप चवीबद्दल नव्हता.

मग तळ गिच्च का राहिला? तुम्हीच लिहिलंय: "शीट दोन तास ओट्यावर ठेवली, टोमॅटो-झुकिनी चिरून लगेच रचली, ओव्हन लावून ट्रे आत सरकवला." उत्तर इथेच आहे. शीट रात्रभर फ्रिजमध्येच सुटू द्यायची. हाताला गार आणि जेमतेम वाकेल इतकी. टोमॅटो आणि झुकिनी दोन्हींत ९४-९५ टक्के पाणी. पाव किलो चकत्यांना अर्धा चमचा मीठ लावून वीस मिनिटं चाळणीत निथळायच्या, मग फडक्याने दाबून टिपायच्या. टोमॅटोचा बियांसकट गर काढायचा. ही पायरी माझ्या रेसिपीत आहे. 'मीठ चवीनुसार' असं मोघम लिहिलं होतं, तिथे आता माप टाकलंय. मापाबद्दलचं तेवढं तुमचं बरोबर.

कडेने दोन सेंटिमीटर सोडून सुरीने हलकी रेघ मारायची, आरपार नाही. आतल्या भागाला काट्याने टोचे मारायचे, त्यावर दोन चमचे ब्रेडचा चुरा किंवा भाजलेलं बेसन, मग भाजीचा एकच थर. कडेला सोया दूध लावताना ते कापलेल्या बाजूवर ओघळू द्यायचं नाही. पदर तिथेच चिकटतात आणि कड एका बाजूने बसते.

ओव्हन २०० अंशांवर वीस मिनिटं आधी तापलेला हवा, रिकामा ट्रे आतच ठेवून. थंड ओव्हनमध्ये वाफ जोर धरण्याआधी चरबी वितळून वाहून जाते. तापलेल्या ट्रेवर बटर पेपरसकट टार्ट सरकवायचा. ओटीजीत (घरगुती छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये) वरखाली दोन्ही रॉड चालू, ट्रे खालच्या खोबणीत, २५ ते ३० मिनिटं. कडा सोनेरी दिसल्या म्हणून बाहेर काढू नका. उलथन्याने कोपरा उचलून बघा: तळ तपकिरी आणि ताठ हवा. वाकला तर आणखी पाच मिनिटं. नंतर लगेच जाळीवर, ताटात ठेवला की खालून घाम सुटतो.

शीट महाग आहे, खरंच आहे. कोबीची भाजी स्वस्त पडते.

"शीट व्हिगन कशावरून?" याला एकच ओळ: हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, त्यात दूध चालतं, म्हणून पाकिटामागची घटकांची यादी वाचा, मिल्क सॉलिड्स दिसले तर परत ठेवा.

घरच्यांच्या नाकांबद्दल मी काय बोलणार? पुन्हा केलात आणि तरीही तळ गिच्च राहिला, तर ट्रे कुठल्या खोबणीत होता आणि खालचा रॉड चालू होता का, एवढं कळवा.