सायंटॉलॉजीवर कसं भांडावं

सायंटॉलॉजी या अमेरिकेत निघालेल्या पंथावर वाद घालायचा विचार आहे? जरूर घाला. इतका निर्धोक विषय शोधून सापडायचा नाही. बुवा परदेशी, तोही १९८६ साली कॅलिफोर्नियात वारलेला. नाव घेण्यासारखे भक्त हॉलिवूडमध्ये. तुमच्या सोसायटीतल्या कुणाच्या भावना दुखावण्याची शक्यता जवळजवळ शून्य. तुम्ही अमेरिकेत राहत असाल आणि शेजारी त्यांच्यापैकी निघाला तर गोष्ट वेगळी, पण तेव्हाही घाबरू नका, सल्ला दोन्ही बाजूंसाठी आहे. पथ्य एकच: बाजू आधी ठरवायची, माहिती नंतर गोळा करायची. उलट केलंत तर बाजू ठरता ठरत नाही आणि भांडणाची चांगली संध्याकाळ वाया जाते.

समजा, तुम्ही श्रद्धावंतांकडून उतरलात. तुमची निम्मी तयारी खुद्द पंथाचे बुवा, एल. रॉन हबर्ड यांनीच करून ठेवली आहे. हबर्ड मुळात स्वस्त मासिकांत शब्दांच्या भावाने कथा पाडणारे लेखक. मे १९५० मध्ये त्यांचं ‘डायनेटिक्स’ आलं, आणि त्याची ओळखही लोकांना झाली ती एका विज्ञानकथांच्या मासिकातून. समोरचा हे काढून हसणार. हसू द्या. तुम्ही गंभीर चेहऱ्याने सिद्धांत सांगा: मनाच्या एका कप्प्यात दुखापतीच्या, बेशुद्धीतल्या क्षणांचे ठसे जसेच्या तसे पडलेले असतात, त्यांना म्हणायचं एनग्रॅम. ऑडिटर प्रश्न विचारत विचारत ते उकरून काढतो. सगळे निघाले की माणूस ‘क्लिअर’ झाला. क्लिअर माणसाची स्मरणशक्ती बिनचूक असते, आणि त्याला सर्दीही होत नाही. (सर्दीचा मुद्दा जुलै-ऑगस्टात टाळलेला बरा.)

यावर समोरचा हमखास १० ऑगस्ट १९५० ची रात्र काढणार. लॉस एंजेलिसचं श्राइन ऑडिटोरियम, हजारोंची गर्दी, आणि मंचावर जगातली पहिली क्लिअर: भौतिकशास्त्र शिकणारी एक तरुण मुलगी. हिला आयुष्यातला क्षण न् क्षण आठवतो, असं जाहीर झालेलं. तिकीट काढून आलेले लोक अशा वेळी गप्प थोडेच बसतात? प्रश्न सुरू झाले. तिच्याच विषयातलं एक साधं सूत्र तिला सांगता येईना. मग हबर्ड पाठमोरे असताना कुणीतरी विचारलं, यांच्या टायचा रंग कोणता? तोही आठवेना. लोक उठून चालायला लागले.

आता घाम पुसत बसू नका, कारण हबर्डही बसले नाहीत. त्यांचं स्पष्टीकरण असं, की मुलीला पुढे बोलावताना आपण ‘आत्ता’ असं म्हणून गेलो, आणि त्या ‘आत्ता’मुळे ती वर्तमानकाळातच अडकून पडली. हे उत्तर वहीत लिहून ठेवा, रोज सकाळी वाचा. पद्धत कधीच चुकत नाही, ती वापरताना कुणाचा तरी पाय घसरतो. एवढं एक पाठ असलं की पुढची सत्तर वर्षं निभावून नेता येतात. त्यांनी नेलीच आहेत.

पुढचा हल्ला ऑडिटरच्या यंत्रावर, म्हणजे ई-मीटरवर येईल. दोन हातांत दोन पत्र्याचे डबे धरायचे, त्यांतून अगदी क्षीण वीज सोडायची, आणि कातडीचा रोध बदलला की तबकडीवरची सुई हलते. तळहाताला घाम फुटला तरी हलते, डबा जरा आवळला तरी हलते. समोर ऑडिटर बसलेला असतो, तुम्हाला दिसणार नाही अशा बेताने मीटर आपल्याकडे वळवून. तो विचारतो, सुई झटका देते, तो म्हणतो, ‘हां, हे काय होतं?’ आणि तुम्हाला खरंच काहीतरी आठवतं. आठवणारच. इतक्या आस्थेने कुणी विचारलं तर कुणालाही आठवेल. सुई मोकळी, संथ झुलायला लागली की तो विषय संपला, पुढचा काढायचा, आणि पुढचे पैसे भरायचे.

१९६३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने वॉशिंग्टनमध्ये धाड घालून शंभरावर ई-मीटर उचलून नेले. १९७१ मध्ये न्यायालयाने सांगितलं की यंत्र वापरा, पण रोगनिदानाला किंवा उपचाराला याचा वैद्यकीय उपयोग नाही अशी पाटी लावून, आणि धार्मिक कामापुरतंच. आणि १९६६ चं हबर्ड यांचं पेटंट उघडून बघितलंत तर त्याच्या शीर्षकात आत्मा वगैरे काही नाही. जिवंत शरीराच्या रोधातले बदल मोजून दाखवणारं उपकरण, बस्स. समोरच्याने हे पेटंट पुढे केलं तर विषय टोमॅटोवर न्या. इंग्लंडमधल्या सेंट हिल या हवेलीत हबर्ड यांनी ई-मीटर टोमॅटोलाही जोडून पाहिला होता, आणि झाडांना वेदना कळतात असा निष्कर्ष काढला होता. ती हवेली त्यांनी १९५९ मध्ये जयपूरच्या महाराजांकडून विकत घेतली, त्यामुळे या प्रकरणाशी आपला काहीच संबंध नाही असंही म्हणता येत नाही. टोमॅटोला आयुष्यात कोणता सल होता, हे मात्र मीटरने सांगितलेलं नाही.

शास्त्र म्हणून अडकलात तर धर्म म्हणा. धर्म म्हणून अडकलात तर शास्त्र म्हणा. ‘डायनेटिक्स’ने स्वतःला मानसिक आरोग्याचं आधुनिक विज्ञान म्हणवून घेतलं. तीन-चार वर्षांत त्याचं चर्च झालं, ‘चर्च ऑफ सायंटॉलॉजी’. १९६७ मध्ये अमेरिकी करखात्याने सवलत काढून घेतली, मग पाव शतक खटले चालले, आणि ऑक्टोबर १९९३ मध्ये सवा कोटी डॉलर भरून चर्चने ती परत मिळवली. युद्ध संपलं, अशी घोषणा चर्चचे प्रमुख डेव्हिड मिस्कॅव्हिज यांनी भरल्या सभागृहात केली. मोक्षाच्या वाटेवर सर्वांत मोठा जल्लोष करमाफीचा व्हावा, याला मी नावं ठेवणार नाही. ट्रस्ट काढून बसलेल्या आपल्याकडच्या कुणालाही तो आनंद समजेल.

न्यायालयं तर दोन्ही बाजूंना पुरतील एवढी आहेत. श्रद्धावंतांनी ऑस्ट्रेलियाचं उच्च न्यायालय धरावं, १९८३ मध्ये त्याने हा धर्मच आहे असा निकाल दिला. संशयवाद्यांनी फ्रान्स धरावं, तिथे २००९ मध्ये संघटित फसवणुकीबद्दल दंड झाला आणि २०१३ मध्ये वरच्या न्यायालयानेही तो कायम ठेवला. दुसऱ्याचं न्यायालय निघालं की ‘तिकडचे कायदे वेगळे’ म्हणावं.

श्रद्धावंतांच्या हातात याखेरीज दोन हुकमाची पानं आहेत. पहिलं: तुला पटलं नाही ना? म्हणजे वाचताना एखादा शब्द न समजता तू पुढे गेलास. शब्दकोश काढ, मागे जा, तो शब्द शोध. हबर्ड यांच्या अभ्यासपद्धतीचा हा पायाच आहे, आणि तिच्यात ‘समजलं, पण चूक वाटतं’ असा खानाच ठेवलेला नाही. माणूस रात्री दोनपर्यंत शब्दकोश चाळतो आणि शेवटी झोपेपायी सहमत होतो. दुसरं पान त्याहून जबर: जो टीका करतो त्याने नक्कीच काहीतरी लपवलेलं आहे. हबर्ड यांनी हे लेखी धोरण म्हणून सांगून ठेवलंय, की टीकाकाराचा भूतकाळ तपासला की गुन्हा सापडतोच. तेव्हा प्रश्नाला उत्तर द्यायचंच नाही. शांतपणे डोळ्यांत बघून विचारायचं, ‘तुमचे गुन्हे कोणते?’ समोरचा सज्जन असेल तर तो खरंच आठवायला लागतो. सिग्नल तोडलेला, भाडेकरार नोंदवलेला नाही, असं काहीबाही निघतंच. तुम्ही जिंकलात.

आता संशयवाद्यांकडे वळू. यांना सल्ला कमी लागतो, कारण यांच्याकडे झेनू आहे. साडेसात कोटी वर्षांपूर्वी झेनू नावाच्या आकाशगंगेच्या हुकूमशहाने अब्जावधी जीव पृथ्वीवर आणले, ज्वालामुखींभोवती ठेवले, बॉम्बनी उडवले, आणि त्यांचे आत्मे आजही आपल्याला चिकटून आहेत. हे ‘ऑपरेटिंग थेटन’ (थेटन म्हणजे त्यांच्या भाषेत आत्मा) नावाच्या वरच्या पायऱ्यांपैकी तिसरीवर, दार लावून सांगतात. तयारी नसताना यात हात घालणारा न्यूमोनियाने मरेल, असा हबर्ड यांचा इशारा होता. १९८५ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका खटल्यात हे कागद न्यायालयात खुले झाले, तेव्हा पंधराशेच्या आसपास सायंटॉलॉजिस्ट येऊन थडकले. जिने, मजले, कॉरिडॉर माणसांनी भरून गेले. प्रत्येकाची मागणी तीच, मला याच कागदांची प्रत हवी. उद्देश हा, की रांग इतकी लांबावी की दुसऱ्या कुणाचा नंबरच लागू नये. तरीही एका वर्तमानपत्राने गाठलंच. वाचकांमध्ये न्यूमोनियाची साथ आल्याचं काही ऐकिवात नाही.

तेव्हा वादात उतरताच पहिलं वाक्य झेनूचं टाका. टाळ्या नक्की. एका बारीक अडचणीकडे दुर्लक्ष करा. तुमच्यासमोर बसलेला बिचारा बहुधा खालच्या पायरीवर आहे. त्याने संभाषणकौशल्याच्या एका वर्गाचे पैसे भरलेत, आणि झेनू हे नाव त्याने प्रथम तुमच्याच तोंडून ऐकलं. जो वर पोचलाय त्याला त्यावर बोलायची बंदी आहे. म्हणजे तुमचा विनोद ज्याला कळायचा तो बोलत नाही, आणि जो बोलतोय त्याला तो लागू नाही. पण टाळ्या तर मिळाल्या.

मग सभासदांची संख्या काढा. चर्च लाखांत बोलतं, आणि २००८ च्या एका मोठ्या सर्वेक्षणात अमेरिकेतला अंदाज पंचवीस हजारांच्या आसपास निघाला. हे झालं की मान हलवत म्हणा, ‘एवढी शिकलेली माणसं कशी काय फसतात?’ या प्रश्नाचं उत्तर शोधायला मात्र चुकूनही जाऊ नका. गेलात तर कळेल की रस्त्यावर २०० प्रश्नांची फुकट चाचणी घेतात, तिच्या नावात ऑक्सफर्ड असतं आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाशी तिचा काही संबंध नसतो. निकालात तुमच्यात काय कमी आहे ते येतं, आणि मग कुणीतरी तुमच्यासमोर तास-दोन तास फोन न बघता बसून तुमचं ऐकून घेतं. हे शेवटचं तुमच्या घरात शेवटचं कधी घडलं, असा प्रश्न यातून निघू शकतो. म्हणून म्हणतो, झेनूवरच थांबा. सुटसुटीत पडतं.

एवढं सगळं पाळूनही वाद बिघडतो तो तिसरा माणूस आला की. हा कधीकाळी आत होता. सी ऑर्ग नावाच्या त्यांच्या आतल्या फळीत त्याने विशीत अब्ज वर्षांच्या करारावर सही केलेली असते, जन्मोजन्मीच्या नोकरीची. पुढे तो बाहेर पडला, ‘सप्रेसिव्ह पर्सन’, म्हणजे चर्चचा शत्रू ठरला, आणि आत राहिलेल्या आईने, बहिणीने त्याच्याशी बोलणं टाकलं. याला डिसकनेक्शन म्हणतात. चर्चचं म्हणणं, हा ज्याच्या त्याच्या मर्जीचा प्रश्न आहे. हा माणूस ना सुईवर बोलतो, ना न्यायालयांवर. बहिणीचं लग्न झालं ते त्याला तिसऱ्याकडून कळलं, एवढंच सांगतो.

अशा माणसाला शक्यतो कोपऱ्यातली खुर्ची द्या. तरी तो बोललाच, तर दोन्ही बाजूंनी पहिल्यांदाच एक व्हा. श्रद्धावंतांनी म्हणावं, हा सूडाने बोलतोय, याचे गुन्हे विचारा. संशयवाद्यांनी खुर्ची पुढे ओढून, डोळे चमकवत विचारावं, ‘ते राहू द्या हो, आधी सांगा, झेनूचं तुम्ही खरं मानत होतात?’