‘सगळे पुसले गेले, आता शोधण्यासारखे काही नाही’ या विधानाचा प्रतिवाद

साठ-सत्तरच्या दशकांतल्या इंग्रजी गाण्यांच्या आपल्याकडील चाहत्यांमध्ये एक विधान बराच काळ फिरते आहे. त्याचा आशय असा : बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या कार्यक्रमाच्या जुन्या टेप निव्वळ अडाणीपणातून पुसल्या गेल्या, जे वाचले ते यूट्यूबवर आहेच, पुसलेली टेप परत येत नसल्यामुळे उरलेल्याचा शोध व्यर्थ आहे, आणि तसेही गायक तिथे रेकॉर्डवर नुसते ओठ हलवत असत, तेव्हा फारसे काही गेलेले नाही. टेप पुसल्या गेल्या हे खरे आहे. साठच्या दशकातले पूर्ण भाग आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच शिल्लक आहेत. त्यापुढचे जवळजवळ सगळेच चुकीचे आहे, आणि ज्याच्या माळ्यावर अशी एखादी फिल्म पडून असेल त्याला ते निष्काळजी बनवते, म्हणून त्याचे सविस्तर उत्तर देणे आवश्यक वाटते.

आधी अडाणीपणाचा आरोप पाहू. हा कार्यक्रम 1 जानेवारी 1964 रोजी मँचेस्टरच्या डिकन्सन रोडवर, एका जुन्या चर्चचे रूपांतर करून उभारलेल्या स्टुडिओतून सुरू झाला. तो गाण्यांच्या दर आठवड्याच्या लोकप्रियतेच्या यादीवर बेतलेला असल्यामुळे पुढच्या आठवड्यात शिळा होत असे. त्या काळची दोन इंच रुंदीची व्हिडिओ टेप अतिशय महाग होती आणि पुसून पुन्हा वापरता येणे हाच तिचा मोठा गुण मानला जाई. कलाकारांच्या आणि वादकांच्या संघटनांना भीती होती की जुने कार्यक्रम पुन्हा पुन्हा दाखवले गेले तर नव्या कामाच्या संधी कमी होतील. त्यामुळे पुनःप्रक्षेपणावर करारांतूनच मर्यादा घातलेल्या होत्या आणि ती मुदत उलटली की नव्याने परवानगी व मोबदला ठरवल्याशिवाय टेपचा उपयोग उरत नसे. त्यातच ब्रिटिश दूरचित्रवाणी पडद्यावरचे चित्र 405 आडव्या रेषांत दाखवण्याच्या पद्धतीवरून 625 रेषांकडे वळली, 1967 मध्ये बीबीसी 2 वर आणि 1969 मध्ये बीबीसी 1 वर रंग आला, आणि कृष्णधवल कार्यक्रमांना पुढे कोणी विचारणार नाही असे समजले जाऊ लागले. टेप जपून ठेवणे ही कोणाचीच नेमून दिलेली जबाबदारी नव्हती. फिल्म आणि व्हिडिओ टेप यांचा एकत्रित संग्रह बीबीसीने 1978 मध्ये उभा केला. घडले ते दुःखद होते, पण त्यामागे हिशेब होता. तो हिशेब समजून घेतला तर शोध कुठे घ्यायचा हेही कळते, कारण त्याच्या कक्षेबाहेर जी प्रत गेली तीच वाचण्याचा संभव होता : परदेशी विक्रीसाठी पडद्यासमोर कॅमेरा लावून काढलेली 16 मिलिमीटर फिल्म, तंत्रज्ञाने स्वतःसाठी मागून घेतलेली नक्कल, किंवा प्रेक्षकाने घरी केलेले ध्वनिमुद्रण.

यूट्यूबबद्दल थोडक्यात सांगता येईल. तिथे जे दिसते ते बहुतेकदा नकलेची नक्कल असते, आणि त्याखाली लिहिलेली तारीख व कार्यक्रमाचे नाव यांवर विसंबता येत नाही. उलट जे तिथे नाही ते अस्तित्वातच नाही, असेही नाही. रेडिफ्यूजन या ब्रिटिश दूरचित्रवाणी कंपनीचा ‘रेडी स्टेडी गो!’ हा गाण्यांचा कार्यक्रम 1963 ते 1966 या काळात चालला. त्याच्या उरलेल्या भागांचे हक्क डेव्ह क्लार्क या ढोलवादकाने विकत घेतले आणि पुढे प्रेक्षकांना त्यातले किती पाहायला मिळेल हे हक्कधारकाच्या मर्जीवर राहिले. ब्रिटिश गटांची बरीच दृश्ये तर ब्रिटनबाहेरच जपली गेली. रेडिओ ब्रेमेन या जर्मन प्रसारण केंद्राचा ‘बीट-क्लब’ हा गाण्यांचा कार्यक्रम 1965 मध्ये सुरू झाला आणि त्याच्या टेप जर्मनीत नीट सांभाळल्या गेल्या. लंडनमध्ये काही सापडत नाही म्हणून थांबणाऱ्याने ब्रेमेनकडे चौकशी केली आहे का, हे विचारणे रास्त ठरेल.

‘पुसलेले परत येत नाही’ हे विधान त्या एका टेपपुरते खरे आहे, गाण्यापुरते नाही. डेव्हिड बोवीने जानेवारी 1973 मध्ये ‘द जीन जिनी’ हे गाणे ‘टॉप ऑफ द पॉप्स’मध्ये सादर केले. बीबीसीची टेप गेली. त्या दिवशी कॅमेऱ्यावर असलेल्या जॉन हेनशॉल यांनी मात्र स्वतः तयार केलेल्या मत्स्यनेत्री (खूप रुंद व गोलसर चित्र टिपणाऱ्या) भिंगाचा परिणाम दाखवता यावा म्हणून त्याची प्रत दोन इंची टेपवर काढून घेतली होती. ती त्यांनी जवळपास 4 दशके सांभाळली, आणि बीबीसीकडे ते सादरीकरण नाही हे त्यांना फार उशिरा कळले. डिसेंबर 2011 मध्ये ते पुन्हा दाखवले गेले. ही घटना मला विशेष महत्त्वाची वाटते, कारण इथे कोणी काही लपवले नव्हते. जगातली एकमेव प्रत आपल्याकडे आहे याची कल्पना ती बाळगणाऱ्यालाच नव्हती. अशी आणखी किती माणसे असतील?

बीटल्स 16 जून 1966 रोजी याच कार्यक्रमाच्या स्टुडिओत येऊन ‘पेपरबॅक रायटर’ आणि ‘रेन’ सादर करून गेले. तो भाग पुसला गेला. 2019 मध्ये मेक्सिकोतील एका संग्राहकाकडून त्यातले 11 सेकंदांचे मूक दृश्य मिळाले, जे कोणीतरी घरच्या टीव्हीसमोर 8 मिलिमीटरचा कॅमेरा धरून टिपले होते. त्यानंतर त्याच पद्धतीने टिपलेला याहून मोठा तुकडाही पुढे आला. घरगुती कॅमेऱ्याची गती टीव्हीच्या गतीशी जुळत नसल्यामुळे अशा फिल्मवर काळे पट्टे सरकताना दिसतात आणि चित्र लुकलुकते. तरीही ते त्या दिवसाचे आहे. बॉब डिलन 1963 च्या जानेवारीत बीबीसीच्या एका नाटकात गायला होता. त्या नाटकाचे चित्र गेले, पण प्रेक्षकांनी घरी टेपवर घेतलेला काही गाण्यांचा आवाज उरला आहे. पिंक फ्लॉइडच्या 1967 च्या एका सादरीकरणाची खराब झालेली घरगुती प्रतही याच मार्गाने हाती आली आणि जानेवारी 2010 मध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये दाखवली गेली.

ओठ हलवण्याचा मुद्दा वरवर पटण्यासारखा आहे, आणि बीटल्सच्या त्या सादरीकरणापुरता तो खराही आहे : त्यांनी रेकॉर्डवर ओठच हलवले होते. पण त्याच वर्षी, म्हणजे 1966 मध्ये, वादकांच्या संघटनेच्या आग्रहामुळे विक्रीच्या रेकॉर्डवर असे सादरीकरण करण्यास मनाई झाली. मग कलाकारांना एकतर कार्यक्रमाचे वाद्यवृंदप्रमुख जॉनी पिअरसन यांच्या वाद्यवृंदाबरोबर गावे लागे किंवा कार्यक्रमासाठी वेगळे ध्वनिमुद्रण करून आणावे लागे. म्हणजे हरवलेल्या कित्येक भागांबरोबर गाण्यांची जी रूपे गेली ती कोणत्याही रेकॉर्डवर मिळणार नाहीत. पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीचा ‘क्वीन’ हा गट 21 फेब्रुवारी 1974 रोजी या कार्यक्रमात पहिल्यांदा दिसला, त्याचीही मूळ टेप जपली गेली नाही. केवळ ओठ हलवले असले तरी त्या वयातले चेहरे, कपडे, वाद्ये आणि समोर नाचणारी मुले यांची नोंद दुसरीकडे कुठे असणार?

शोध घ्यायचा तर सुरुवात कागदापासून करावी. बीबीसीचे लेखी दस्तऐवज रेडिंगजवळच्या कॅव्हर्शम येथे आहेत आणि प्रत्येक दिवशी प्रत्यक्षात काय प्रक्षेपित झाले, कोणते गाणे वाजले, याच्या नोंदी तिथे मिळतात. ‘रेडिओ टाइम्स’मध्ये छापलेले वेळापत्रक इंटरनेटवर शोधता येते, परंतु ते आधी छापले जाई आणि ऐनवेळी कलाकार बदलत, म्हणून दोन्ही ताडून पाहावे लागते. तारीख पक्की झाली की मगच संग्राहकांकडे, परदेशी केंद्रांकडे आणि त्या दिवशी काम केलेल्या तंत्रज्ञांकडे नेमका प्रश्न विचारता येतो.

आणि ब्रिटनमध्ये राहणाऱ्या कोणा मराठी कुटुंबाला जुन्या घराच्या माळ्यावर रीळ मिळाले, तर ते उत्सुकतेपोटी प्रोजेक्टरवर किंवा जुन्या यंत्रावर चढवू नये. जुन्या ॲसिटेट फिल्मला व्हिनेगरसारखा वास येत असेल तर तिचा ऱ्हास सुरू झालेला असतो आणि ती यंत्रात तुटू शकते. टेपवरचा चुंबकीय थरही पहिल्याच फेरीत निघू शकतो. डब्यावरचे लिखाण आहे तसे ठेवावे, त्याचा फोटो काढावा, डबा थंड व कोरड्या जागी ठेवावा आणि ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटला किंवा हरवलेल्या कार्यक्रमांची नोंद ठेवणाऱ्या ‘कॅलिडोस्कोप’ या संस्थेला कळवावे.